पाण्यात पॉलिमरचा कण जन्मतो कसा, वाढतो कसा: दोन फ्लास्कमध्ये स्वतः करून पाहण्याची कृती

इमल्शनच्या कामात नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतो: लॅटेक्सचा, म्हणजे पॉलिमरचे बारीक कण पसरलेल्या दुधाळ पाण्यातला, कण कशापासून तयार होतो? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. मोनोमरचे (ज्याचे छोटे रेणू जोडून पॉलिमरची लांब साखळी होते त्या द्रवाचे) थेंब पाण्यात तरंगतात, तापले की घट्ट होतात, झाला कण. ऐकायला पटतं, पण चूक आहे. आणि ही चूक डोक्यात ठेवून काम केलं, की बॅच बिघडल्यावर कुठे बघायचं तेच कळत नाही.

थेंब घट्ट होऊन मणी बनण्याची पद्धत वेगळी आहे, तिला सस्पेन्शन म्हणतात. तिथे बेंझॉइल पेरॉक्साइडसारखा तेलात विरघळणारा इनिशिएटर, म्हणजे क्रिया सुरू करून देणारा पदार्थ, थेंबाच्या आतच असतो. इमल्शनमध्ये, म्हणजे फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक किंवा भिंतीचा पाण्यातला रंग ज्यातून येतो त्या पद्धतीत, इनिशिएटर पाण्यात असतो. ढवळून झालेला मोनोमरचा थेंब साधारण १ ते १० मायक्रॉनचा. तयार होणारा कण बहुधा ०.१ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे व्यासानं दहा ते शंभर पट लहान. थेंबच कण झाला असता तर तो इतका बारीक झालाच नसता. थेंब हे गोदाम आहे. माल तिथून निघतो, पाण्यातून पुढे जातो आणि कणात पोचल्यावर पॉलिमर होतो.

मला मुख्य सांगायचं आहे ते एवढंच: किती कण होणार हे सुरुवातीच्या काही मिनिटांत ठरतं, त्यानंतर तासन्‌तास ते फक्त वाढत राहतात. म्हणून सगळी काळजी सुरुवातीला घ्यायची. हे वाचून जितकं पटेल त्याच्या दसपट स्वतः करून पाहिल्यावर पटतं, म्हणून खाली स्टायरीन या मोनोमरची एक सोपी कृती देतो. एका फ्लास्कमध्ये साबण, दुसऱ्यात नाही, बाकी सगळं सारखं.

जन्माच्या वाटा

कृतीआधी थोडं डोक्यात हवं. पोटॅशियम परसल्फेट पाण्यात तापलं की फुटतं आणि सल्फेट रॅडिकल, म्हणजे मोनोमरला जोडून साखळी सुरू करणारे अतिक्रियाशील तुकडे, तयार होतात. त्यांच्यावर ऋण भार असतो, त्यामुळे ते तेलात शिरत नाहीत. पाण्यातच भटकतात आणि पाण्यात विरघळलेल्या थोड्याशा स्टायरीनला गाठतात. हे स्टायरीन किती? लिटरला जेमतेम ०.३ ग्रॅम. एक रेणू जोडला, दुसरा जोडला, दोन-तीन झाले की त्या तुकड्याचं एक टोक पाण्याचं आणि उरलेलं अंग तेलाचं अशी अवस्था होते. आता त्याला पाण्यात राहवत नाही, आसरा हवा असतो.

साबण भरपूर असेल तर आसरा मायसेलमध्ये मिळतो. मायसेल म्हणजे साबणाच्या पन्नास-साठ रेणूंनी शेपट्या आत करून बांधलेला, सुमारे ५ नॅनोमीटरचा गोळा, ज्याच्या पोटात थोडं स्टायरीन असतं. तुकडा आत शिरला की तिथल्या स्टायरीनवर भराभर वाढतो आणि मायसेलचा कण होतो. हार्किन्स यांनी १९४७ मध्ये हे चित्र मांडलं आणि स्मिथ व एवर्ट यांनी १९४८ मध्ये त्याला गणिताचं रूप दिलं. अमेरिकेत महायुद्धाच्या काळात कृत्रिम रबराचं जे प्रचंड काम झालं, त्यातून ही समज आली.

साबण नसेल तर तुकडा पाण्यातच आणखी थोडा वाढतो, मग विरघळून राहणं अशक्य होऊन स्वतःभोवती गुंडाळतो आणि इवलासा मूळ कण होतो. असे मूळ कण एकटे टिकत नाहीत, कारण अंगावर भार पुरेसा नसतो. ते एकमेकांना चिकटत जातात, आणि पृष्ठभागावर पुरेसे सल्फेट गट गोळा झाले की तिथे थांबतात. पाण्यात बऱ्यापैकी विरघळणाऱ्या मोनोमरच्या बाबतीत, उदाहरणार्थ लिटरला सुमारे २५ ग्रॅम विरघळणारं व्हिनाइल ॲसिटेट किंवा १५ ग्रॅम विरघळणारं मिथाइल मेथाक्रिलेट, साबण असला तरी ही वाट महत्त्वाची असते. म्हणून स्टायरीनचे नियम जसेच्या तसे डिंकाला लावायला जाऊ नका.

तिसरी वाट थेंबात शिरण्याची. ती बंद नाही, पण मिलिलिटरमध्ये मायसेल इतके अफाट आणि थेंब त्या मानानं इतके मोजके असतात, की भटकणाऱ्या रॅडिकलला थेंब भेटण्याआधी मायसेलच भेटतो.

तयारी

स्टायरीनमध्ये टर्शरी ब्युटाइल कॅटेकॉल हा रोधक घातलेला असतो, नाहीतर ते बाटलीतच पॉलिमर होत जाईल. तो काढायला क्रियाशील ॲल्युमिनाच्या छोट्या कॉलममधून स्टायरीन पाझरू द्या. सोडियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणानं दोन-तीनदा आणि मग पाण्यानं धुतलं तरी चालतं. धुताना खालचा थर आधी तांबूस होतो, नंतर रंग येईनासा होतो. हे सगळं फ्यूम हुडमध्ये करायचं. स्टायरीन ३१-३२ अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेण्याजोगी वाफ देतं, तेव्हा जवळ उघडी ज्योत नको. परसल्फेट ऑक्सिडायझर आहे, ते स्टायरीनच्या बाटलीशेजारी ठेवू नका.

पाणी डिस्टिल्ड किंवा नीट डीआयोनाइझ केलेलंच घ्या. इथे मी हट्टी आहे. एका कारखान्यात उन्हाळ्यात पाण्याच्या प्लांटचं क्षार काढणारं रेझिन संपत आलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. सलग तीन बॅचमध्ये चाळणीवर रव्यासारखी ग्रिट येत राहिली. आम्ही साबण बदलला, इनिशिएटरचा लॉट बदलला, ढवळणी तपासली. दोष पाण्यातल्या कॅल्शियमचा होता. कॅल्शियम कणांच्या अंगावरचा भार झाकून टाकतं आणि कण एकमेकांना चिकटतात.

दोन फ्लास्क, प्रत्येकी ५०० मिलिलिटर, चार तोंडांचे. ढवळणी, कंडेन्सर, थर्मामीटर, नायट्रोजनची नळी. दोन्ही एकाच वॉटर बाथमध्ये ठेवता आले तर उत्तम.

पहिल्या फ्लास्कमध्ये १८० ग्रॅम पाणी, ०.८ ग्रॅम सोडियम डोडेसिल सल्फेट (हाच आपला साबण), २० ग्रॅम स्टायरीन. दुसऱ्यात साबण सोडून बाकी तेच. इनिशिएटर प्रत्येकासाठी ०.२ ग्रॅम पोटॅशियम परसल्फेट, २० ग्रॅम पाण्यात वेगळं विरघळवलेलं. ते आत्ता घालायचं नाही.

साबणाचं माप असंच घेतलेलं नाही. २०० ग्रॅम पाण्यात ०.८ ग्रॅम म्हणजे लिटरला ४ ग्रॅम, सुमारे १४ मिलिमोल. या साबणाचे मायसेल साधारण ८ मिलिमोलच्या पुढे बनू लागतात. म्हणजे ६ मिलिमोल साबण मायसेलमध्ये आहे. एका मायसेलमध्ये ६० रेणू धरले तर दर मिलिलिटरला ६ गुणिले १० चा १६ वा घात एवढे मायसेल झाले. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल.

पहिला तास

पाणी आणि साबण फ्लास्कमध्ये घेऊन नायट्रोजन अर्धा तास आतून सोडा. मग स्टायरीन घाला आणि नळीचं टोक द्रवाच्या वर उचलून घ्या. नळी आतच राहिली तर नायट्रोजन स्टायरीनची वाफ घेऊन जातो आणि पुढचे सगळे हिशोब चुकतात. ढवळणी मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आसपास. स्टायरीनचा थर वर तरंगता कामा नये आणि मधोमध हवा ओढणारा भोवराही होता कामा नये.

तापमान ७० अंशांवर येऊ द्या आणि दहा मिनिटं तिथेच स्थिर राहू द्या. मग परसल्फेटचं द्रावण एका दमात घाला, घड्याळ सुरू करा. थेंबथेंब घालू नका. जन्माचा काळ जितका आखूड, तितके सगळे कण एका वयाचे, आणि एका वयाचे म्हणजे एका मापाचे.

ऑक्सिजन उरला असेल तर बराच वेळ काहीच घडत नाही, कारण तो रॅडिकल गिळत बसतो. पंधरा-वीस मिनिटं थांबूनही हालचाल नसेल तर घाईघाईनं आणखी इनिशिएटर ओतू नका. ऑक्सिजन संपला की आधीचा आणि नंतरचा दोन्ही डोस एकदम काम करू लागतात आणि तापमान हाताबाहेर जाऊ शकतं. त्यापेक्षा जोडण्या तपासा. बहुतेक वेळा एखादं बूच सैल असतं.

आता एक गोष्ट जवळून पाहा. दर पाच मिनिटांनी पिपेटनं २-३ मिलिलिटर नमुना काढून टेस्ट ट्यूबमध्ये घ्या आणि ती स्थिर उभी ठेवा. सुरुवातीचा नमुना दुधाळ दिसतो, पण ते दूध खोटं असतं, थेंबांचं. थोड्या वेळात स्टायरीन वर गोळा होऊ लागतं आणि खालचं पाणी निवळतं. मग एक नमुना असा येतो की वरचा थर सुटला तरी खालचं पाणी निवळत नाही. काळ्या कापडासमोर धरून बाजूनं उजेड सोडा: पाण्यात फिकट निळसर झाक दिसेल, आणि आरपार दिव्याकडे बघितलं तर तोच दिवा किंचित पिवळट-तांबूस दिसेल. आकाश ज्या कारणानं निळं, त्याच कारणानं हे पाणी निळं. प्रकाशाच्या तरंगलांबीहून बरेच लहान कण त्यात जन्माला आलेले आहेत. इतकी वर्षं झाली, तरी तो निळा पहिल्यांदा दिसला की मी हातातलं काम थांबवून बघतो.

साबणाच्या फ्लास्कमध्ये ही झाक लवकर येते. बिनसाबणीत उशिरा येते, साधारण अर्ध्या तासानं किंवा त्याहून नंतर, आणि तिथे निळा रंग फार टिकत नाही. कण मोठे होत जातात तसं पाणी दाट पांढरं होतं. दोन्ही फ्लास्कच्या नळ्या वेळ लिहून रांगेत लावा.

कण वाढतात तेव्हा आत काय चालतं

मायसेल संपले की पहिला टप्पा संपला. सगळ्या मायसेलचे कण झाले असं मात्र समजू नका. कण वाढतात, त्यांचा पृष्ठभाग वाढतो, त्याला झाकायला साबण लागतो. तो साबण उरलेल्या मायसेलमधून ओढला जातो आणि ते मोडतात. शेवटी या फ्लास्कमध्ये साधारण ८० नॅनोमीटरचे कण मिळाले असं धरू. घनतेचा हिशोब केला तर दर मिलिलिटरला ३.६ गुणिले १० चा १४ वा घात एवढे कण. मघाचा मायसेलचा आकडा काढा. दीडशेहून जास्त मायसेलमागे एकाच्याच नशिबी कण होणं आलं.

दुसऱ्या टप्प्यात कणांची संख्या कायम, थेंब अजून शिल्लक, आणि कणातलं स्टायरीन जवळपास स्थिर. कण स्टायरीननं फुगलेला असतो, आकारमानात सुमारे ६० टक्के. जितकं खर्च होतं तितकं गोदामातून पाण्यावाटे येत राहतं. म्हणून या टप्प्यात वेगही स्थिर असतो. रूपांतराचा, म्हणजे किती टक्के मोनोमरचं पॉलिमर झालं त्याचा, आलेख सरळ रेषेत चढतो.

आणि कणाच्या आत? लहान कणात एका वेळी एकच रॅडिकल नांदू शकतो. दुसरा आत आला की दोघे ताबडतोब एकमेकांना संपवतात. बेडस्विचसारखं: एकदा दाबलं, दिवा लागला, पुन्हा दाबलं, विझला. कुठल्याही क्षणी निम्म्या कणांत दिवा चालू, निम्म्यांत बंद. स्मिथ-एवर्टच्या गणितात जो अर्ध्याचा आकडा येतो तो हाच. इमल्शनची खरी ताकदही इथेच आहे. शेजारच्या कणातला रॅडिकल इकडे येऊन साखळी तोडू शकत नाही, म्हणून साखळी लांबच लांब वाढते. तरीही कण अब्जावधी असल्यामुळे एकूण वेग जास्तच राहतो.

स्टायरीनच्या बाबतीत सुमारे ४० टक्के रूपांतराला थेंब संपतात. तिसरा टप्पा सुरू. आता कणात आहे तेवढंच उरलं आहे. मोनोमर घटतो तसा वेग उतरायला हवा, पण आतला माल इतका चिकट होतो की कणात दोन रॅडिकल असले तरी साखळ्यांची टोकं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, आणि वेग मध्येच उसळू शकतो. मिथाइल मेथाक्रिलेटमध्ये ही उसळी फार जोरात येते.

शिरगणती

अर्ध्या अर्ध्या तासानं नमुना घ्या: सुमारे २ ग्रॅम, आधी वजन केलेल्या ॲल्युमिनियमच्या वाटीत. त्यात हायड्रोक्विनोनच्या द्रावणाचा थेंब टाका म्हणजे क्रिया तिथेच थांबेल. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा.

समजा सुका भाग ५.० टक्के आला. त्यात साबण आणि परसल्फेट मिळून ०.४५ टक्के आहेत, ते वजा करा. उरले ४.५५. सगळं स्टायरीन पॉलिमर झालं असतं तर ९.०५ टक्के आले असते. म्हणजे रूपांतर ५० टक्के.

कणाचा व्यास प्रकाश-विकिरणाच्या यंत्रावर मोजा. अर्ध्या वाटेवरचे कण स्टायरीननं फुगलेले असतात. नमुना भरपूर पाण्यात पातळ केला की बरंचसं स्टायरीन निघून जातं, म्हणजे मोजलेला व्यास जवळपास नुसत्या पॉलिमरचा येतो. मोठा कण लहान कणाच्या तुलनेत अफाट प्रकाश पसरवतो, व्यासाच्या सहाव्या घातात. त्यामुळे चार मोठे गठ्ठे असले की यंत्राला बारीक कणांची नवी पिढी दिसतच नाही. शंका आली तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला पर्याय नाही.

संख्येचं सूत्र सोपं: दर मिलिलिटरला पॉलिमरचं वजन घ्या, १.०५ या घनतेनं भागा, म्हणजे एकूण आकारमान आलं. त्याला एका कणाच्या आकारमानानं भागा. प्रत्येक नमुन्याची संख्या आलेखावर मांडा. सुरुवातीला चढ आणि मग सपाट रेषा आली तर सगळं ठीक. मध्येच घसरली तर कण चिकटत आहेत. चढली तर नव्यानं जन्म होत आहेत.

बिनसाबणी फ्लास्क रात्रभर चालू द्या. शेवटी ५०० नॅनोमीटरच्या आसपास कण मिळतील असं धरा. ८० आणि ५०० मध्ये व्यासाचा फरक सहापट, पण संख्येचा सुमारे २४४ पट! वेग मात्र तितक्या पटीनं कमी होत नाही, कारण मोठ्या कणात एकाहून जास्त रॅडिकल एकत्र नांदू शकतात.

माप बदलायचं असेल तर

स्मिथ-एवर्टच्या नियमानुसार कणांची संख्या साबणाच्या ०.६ व्या आणि इनिशिएटरच्या ०.४ व्या घातात वाढते. साबण दुप्पट केला तर संख्या दीडपट आणि व्यास फक्त १३ टक्क्यांनी कमी. इनिशिएटर दुप्पट केला तर व्यास ९ टक्क्यांनी कमी. व्यास निम्मा हवा असेल तर संख्या आठपट हवी, त्यासाठी साबण ३२ पट लागेल. म्हणून “साबण थोडा वाढवून बघू” हा उपाय वाटतो तितका धावत नाही, आणि वाढवलेला साबण पुढे रंगाच्या थरात पाणी शोषत बसतो.

मोठं माप हवं असेल तर बीज वापरा. तयार लॅटेक्स घ्या आणि त्याच्या कणांवर नवीन मोनोमर वाढवा. समजा १०० नॅनोमीटरच्या लॅटेक्समध्ये १० ग्रॅम सुका पॉलिमर आहे. व्यास २०० करायचा तर एकूण वजन आठपट, ८० ग्रॅम. म्हणजे ७० ग्रॅम मोनोमर तीन-चार तासांत हळूहळू सोडायचा. पृष्ठभाग चौपट होणार, म्हणून साबणही लागणार, पण तो मोनोमरबरोबर थोडा थोडा द्यायचा. एकदम ओतला तर पाण्यात मायसेल तयार होतात आणि नवी पिढी जन्माला येते. शेवटी व्यास २०० आला तर गणित जुळलं. १६०-१७० आला तर बारीक कणांची वेगळी भर पडली आहे.

बीज वाढवत वाढवत काही मायक्रॉनपर्यंत गेलं की दुसरीच अडचण येते. कण वर तरंगतात किंवा खाली बसतात, आणि जोरात ढवळलं तर चिकटतात. अमेरिकेच्या लीहाय विद्यापीठातल्या वँडरहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय म्हणून हे काम अवकाशयानात नेलं, जिथे बसणं-तरंगणं नाहीच. चॅलेंजर यानावर तयार झालेले १० मायक्रॉनचे पॉलिस्टायरीनचे गोळे १९८५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सनं मोजमापाचं प्रमाण म्हणून विक्रीला ठेवले. अवकाशात तयार होऊन विकला गेलेला हा पहिला माल.

कारखान्यात

प्रयोगशाळेतल्या १० टक्क्यांच्या बॅचमध्ये उष्णतेची काळजी फारशी नसते. स्टायरीनच्या दर मोलमागे सुमारे ७० किलोज्यूल उष्णता निघते. आपल्या फ्लास्कमध्ये ती कुठेच गेली नाही असं धरलं तरी तापमान पंधरा अंशांच्या आसपासच चढेल. तेच ५० टक्के घन पदार्थाचं लॅटेक्स एका दमात करायला गेलात तर चढ १०० अंशांच्या पुढे जातो. म्हणून रिॲक्टरमध्ये प्री-इमल्शनचा (पाणी, साबण आणि मोनोमर आधीच घुसळून केलेल्या मिश्रणाचा) थोडासा भाग आधी घालतात, कण जन्मू देतात आणि बाकीचा तासन्‌तास फीड करतात.

त्या थोड्याशा भागातच बॅचचं भविष्य असतं. एकदा एका ॲक्रिलिक बॅचची व्हिस्कॉसिटी नेहमीपेक्षा बरीच कमी आली. घन भाग बरोबर, पीएच बरोबर, फीड वेळेवर. लॉगशीट नीट वाचली तेव्हा दिसलं की इनिशिएटर ८० अंशांऐवजी ७४ वरच घातला होता, शिफ्ट बदलायची घाई होती म्हणून. सुरुवातीला रॅडिकल कमी मिळाले, कण कमी जन्मले, त्याच मालावर ते मोठे झाले, आणि मोठ्या कणांचं लॅटेक्स पातळ वाहतं. पुढचे चार तास फीड अगदी चोख देऊनही ती चूक भरून निघणं शक्य नव्हतं. त्यानंतर मी कण जन्मायच्या त्या पहिल्या पंधरा मिनिटांत पॅनेलसमोरून कुणाला हलू देत नसे.

शेवटची तपासणी

दोन्ही लॅटेक्स बारीक कापडातून गाळा. कापडावर उरलेलं सुकवून वजन लिहून ठेवा. मग स्वच्छ काचपट्टीवर प्रत्येकाचा एक-एक थेंब पसरून रात्रभर सुकू द्या. हीटर लावू नका.

साबणाच्या फ्लास्कचा थेंब सुकून तडकलेला, जवळपास पारदर्शक थर होतो. बिनसाबणीचा पांढरा दिसतो. ती पांढरी पट्टी खिडकीशी तिरप्या उजेडात हळूहळू फिरवा. हिरवा, तांबडा, जांभळट असे रंग सरकत गेले तर कण एका मापाचे आहेत आणि शिस्तीत रांगा लावून बसले आहेत, म्हणजे ते जवळपास एकाच वेळी जन्मले. रंग दिसलेच नाहीत, नुसती खडूसारखी पांढरी पट्टी दिसली, तर टेस्ट ट्यूबची रांग पुन्हा काढा आणि निळी झाक आली तेव्हाचे नमुने बघा. जन्म कुठे लांबला ते तिथेच सापडेल.